रज्जाकचाचांचा होकार

प्रिय ईरा आणि अर्णव,

तुमच्या गाडीचे हिवाळी टायर कोणी निवडले, असं शेजाऱ्यांनी विचारलं, तेव्हा तुमच्या बाबाने, माझ्या मंदारने, "भारतातले एक तज्ज्ञ" असं उत्तर दिलं म्हणे. उत्तर चूक नाही, पण अपुरं आहे. तज्ज्ञ म्हटलं की गळ्यात टाय लावलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. रज्जाकचाचांनी आयुष्यात गळ्यात काही अडकवलं असेल, तर ती सायकलची ट्यूब. म्हणून हे नीट लिहून ठेवते आहे. बाबाने वाचून दाखवावं आणि मधलं काही गाळू नये. तो लहानपणीही गाळायचा.

विसरवाडीला महामार्गावरून गावाकडे फाटा फुटतो. तिथे एसटी थांबते, ट्रकवाले चहा पितात, आणि तिथेच जुन्या टायरांच्या कमानीखाली चाचांचं दुकान आहे. बोर्डावर त्यांचं नाव नाही. नुसतं 'हवा' असं लिहिलंय आणि खाली बाण आहे. एका वादळात बोर्ड फिरला, तेव्हापासून बाण लिंबाच्या झाडाकडे दाखवतो. मी दोनदा सांगून पाहिलं. चाचा म्हणाले, "बाई, जेले हवा पाहिजे तो मानूस झाडवर चढत नही."

चाचा उंच आहेत आणि आयुष्यभर चाकांपुढे वाकून थोडे पुढे झुकलेले आहेत. खांद्यावर हवा भरायचा पाइप उपरण्यासारखा टाकलेला. दाढी पांढरीशुभ्र, पण हनुवटीच्या बरोबर मध्ये एक काळा पट्टा. विचार करताना ते दाढीवरून हात फिरवतात आणि हात कायम टायरचा. त्यामुळे आज दुकानात किती अवघड काम आलं होतं ते पट्ट्यावरून कळतं. सायकलचं पंक्चर असेल तर पट्टा बोटभर. उसाच्या ट्रॉलीचं काम असेल तर तीन बोटं.

गिऱ्हाईक आलं की ते आधी माणसाकडे बघत नाहीत. हातात टॉमी, म्हणजे टायर उघडायची लोखंडी पट्टी, घेऊन गाडीला एक प्रदक्षिणा घालतात. प्रत्येक चाकाला एकेक टोला, आणि कान पुढे. मग टायरवर तळवा ठेवतात, अंगठ्याचं नख रुतवून बघतात, आणि एवढं सगळं झाल्यावर मान वर करून म्हणतात, "हं, सलाम. घरना बठ्ठा बरा शेत ना?" म्हणजे घरचे सगळे बरे आहेत ना. तुमचे आजोबा म्हणायचे, मी गुरं तपासतो त्याहून हा माणूस चाकं जास्त मायेने तपासतो. आजोबा गुरांचे डॉक्टर होते, एवढं तुम्हाला माहीत आहे. त्यांच्या सरकारी जीपचे टायर सतत चाचांकडे असायचे, आणि त्यामुळे मी चाचांची 'डॉक्टरीणबाई' झाले ती आजतागायत.

त्यांचं एक वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय, कारण त्याने आमच्या घरात एकदा मोठा खटला निकालात काढला. आजोबांना साखरेचा त्रास सुरू झाला होता. त्यांनी गोड सोडलं, निदान मला तसं सांगितलं. एक दिवस टायर बदलायला गेलो, तर चाचा पुढच्या डाव्या चाकाशी उकिडवे बसून बराच वेळ दाढी चोळत राहिले.

"डॉक्टरसाहेब," ते म्हणाले, "हाऊ टायर रोज एकच ओटाले घासाई ऱ्हायना. सकायले."

"सकाळी कशावरून?" मी विचारलं.

"चुना ओला ऱ्हास तवय लागेल शे. ओटा रोज सकाय धोतस. विसरवाडीमा असा ओटा एकच शे बाई. जिलबीवालाना."

आजोबा आकाशाकडे बघू लागले. चाचांना उशिरा लक्षात आलं की आपण घर मोडतो आहोत. त्यांनी घाईने टायरवर थाप मारली आणि ते वाक्य म्हटलं, "जाऊ द्या बाई. मानूस खोटं बोलस, टायर नही बोलस." त्याने आजोबांची बाजू कशी सावरली जाणार होती, ते चाचांनाच ठाऊक. जिलबी त्या दिवसापासून खरोखर बंद झाली. त्यानंतरही आजोबा टायर दाखवायला चाचांकडेच जायचे, पण आधी कापडाने पुसून न्यायचे.

दुकानात एक लोणच्याची मोठी बरणी आहे. तिच्यात चाचांनी आयुष्यभर टायरांमधून काढलेले खिळे आहेत. ते फेकत नाहीत. दुपारी काम नसलं की बरणी पालथी करून एकेक खिळा ओळखतात. हा मांडवाचा, हा बैलगाडीच्या आरीचा, हा वकिलाच्या बुटाचा. "खिळा म्हंजे टायरना दुश्मन," ते म्हणतात, "नि दुश्मनले वळखाले पाहिजे." ही बरणी लक्षात ठेवा. ती पुढे येणार आहे.

आता त्यांचा नियम. तो कळला नाही तर पुढचं काही कळणार नाही.

चाचांचा मेहुणा सलीम शहादा ते धडगाव जीप चालवायचा. एका सकाळी त्याने फोन केला. जुना पण झकास टायर मिळतोय, नवाच म्हणा, लावू का? चाचा तेव्हा जेवत होते. तोंडात घास होता. म्हणाले, "हो, लाव." धडगावच्या घाटात तिसऱ्या वळणावर तो झकास टायर फुटला. जीप मागे सरकत सरकत एका सागाच्या झाडाला टेकून बसली. माणसांना खरचटलंही नाही. पण टपावर लग्नाच्या बँडचा मोठा ढोल बांधलेला होता, तो सुटला आणि घाटातून गडगडत खाली गेला. त्याचा आवाज म्हणे बराच वेळ येत होता, हळूहळू बारीक होत. लग्न ताटं बडवून लावावं लागलं. तीन आठवड्यांनी खालच्या एका पाड्यावर ढोल सापडला, तेव्हा त्यात कोंबडी अंड्यांवर बसली होती. पिल्लं निघेपर्यंत तो परत करायला तिथल्या आजीबाईंनी साफ नकार दिला.

चाचा दुसऱ्याच दिवशी नवा टायर मांडीवर घेऊन एसटीने धडगावला गेले. बँडवाल्यांची माफी मागितली, सलीमची मागितली, सागाच्या झाडालाही हात लावून आले. आणि परत आल्यावर नियम केला, "हात जेना, होकार तेना." म्हणजे ज्याचा हात टायरला लागला, त्यानेच हो म्हणायचं. दुसऱ्याच्या सांगण्यावर होकार नाही, फोनवर तर नाहीच. मग समोर तहसीलदार असो की सख्खा भाऊ. या नियमापायी त्यांनी गिऱ्हाइकं गमावली, नातेवाईक रुसले, पण नियम हलला नाही.

आणि नेमक्या अशा माणसाचा होकार ईराला हवा होता, तोही बर्फाच्या देशातल्या टायरसाठी.

ईरा, तुला सगळं आठवतंच, पण अर्णव तेव्हा कानात गाण्याची बोंडं घालून बसला होता, म्हणून लिहिते. मागच्या जानेवारीत तुमची जुनी गाडी बर्फावरून घसरली, तिने शेजाऱ्यांच्या तीन कचरापेट्या आडव्या केल्या आणि अंगणातल्या प्लॅस्टिकच्या हरणाचं एक शिंग मोडलं. बाकी कोणाला काही झालं नाही. पण तेव्हापासून बर्फ पडला की तू गाडीत पाय ठेवायची नाहीस. उणे वीस अंशांत तुझी आई तुझ्याबरोबर बसथांब्यावर उभी राहायची. सप्टेंबरात बाबाने नवी, विजेवर चालणारी उंच गाडी घेतली, तरी तुझं उत्तर तेच. मग एके दिवशी तू म्हणालीस, आजोबांची जीप चाचांनी हो म्हटल्याशिवाय हलायची नाही ना? मग चाचांनी आपल्या टायरना हो म्हटलं, तर मी बसेन.

बाबाने चौदा रकान्यांचा एक तक्ता केला होता. त्याला वाटलं होतं, तक्ता दाखवला की काम होईल. नऊ वर्षांच्या मुलीला तक्ता दाखवणारा माणूस माझ्या पोटी आला, याचं मला कधीकधी नवल वाटतं.

तर एका सकाळी साडेसातला, म्हणजे तुमच्या आदल्या संध्याकाळी, मी फोन घेऊन दुकानात गेले. हिवाळ्यासाठी गाडीचे चारही टायर बदलायचे असतात, हे आधी चाचांना समजावलं.

"म्हंजे टायरले स्वेटर?"

"तसंच म्हणा."

"चारीले?"

"चारीले. आणि उन्हाळा आला की उतरवायचे."

चाचांनी टॉमी खाली ठेवली. एवढ्या वर्षांत मी ती त्यांच्या हातातून सुटलेली पहिल्यांदा पाहिली. "वा रे देश," ते हळूच म्हणाले. दुपारपर्यंत ही बातमी चहाच्या टपरीवर आणि संध्याकाळपर्यंत नवापूरला पोचली होती.

मग मूळ प्रश्न आला. चाक केवढं घ्यायचं? गाडीबरोबर वीस इंची रिंग आली होती. बाबाचा तक्ता हिवाळ्यासाठी एकोणीस म्हणत होता. अर्णवला एकवीस हवी होती, कारण ती रुबाबदार दिसते. बाबाने टायरवर छापलेले आकडे वाचून दाखवले. चाचांनी हात हलवला. "लिखेल तर दूधनी पिशवीवर बी ऱ्हास. पोरले सांगा, टायर वीतघाई मोज. खालथीन वरलोंग."

ईरा, तू अंगणात गेलीस आणि टायर खालून वरपर्यंत वितीने मोजून आलीस. पाच वीत आणि वर थोडं.

चाचांनी उकिडवं बसूनच जमिनीपासून वर स्वतःची वीत हवेत पाच वेळा टाकली. हात डोक्याच्या वर गेला. त्यांनी दाढी चोळली. "बाई, ही मोटार नही. ट्रॅक्टर शे. मंदार पोरंसले ट्रॅक्टरवर शाळामा धाडस का?"

बाबा फोनमधून काहीतरी सांगू लागला. चाचा ऐकेनात. "बॅटरी किती वजननी?"

"पाचशे किलोच्या आसपास," बाबा म्हणाला.

"म्हंजे एक म्हैस. ट्रॅक्टर, पोटमा म्हैस, नि आवाज?"

"आवाज नसतो चाचा. विजेची गाडी."

"मुका ट्रॅक्टर," चाचा म्हणाले आणि दाढीचा पट्टा चार बोटं झाला.

दोन दिवस विसरवाडीत असा समज होता की माझा मुलगा कॅनडात शेती करतो. घोटाळा कुठे आहे हे मला तिसऱ्या दिवशी, साठवणीच्या गव्हात मुठीने मीठ मोजून टाकताना कळलं. माझी मूठ आणि माझ्या आईची मूठ यांवरून आमच्या घरी पूर्वी असंच व्हायचं. मी ईराला कागदावर पंजा पसरून त्याभोवती पेन्सिल फिरवायला सांगितली आणि शेजारी पट्टी ठेवून फोटो मागवला. इथल्या झेरॉक्सवाल्याकडून पट्टीशी पट्टी जुळवून तो खऱ्या मापात छापून घेतला. तो कागद मी चाचांपुढे ठेवला.

चाचांनी त्या इवल्या पंजावर आपला पंजा ठेवला. कागद दिसेनासा झाला.  मग वेळूच्या काठीवर, जिच्यावर जीपच्या, बसच्या, ट्रॉलीच्या मापांच्या खुणा आहेत, त्यांनी ईराच्या वितीने पाच वेळा माप टाकलं आणि वर थोडं धरून सुरीने एक नवी खूण केली. एकोणतीस इंच. "आते मोटार व्हयनी," ते म्हणाले. तो कागद त्यांनी परत दिला नाही. घडी न घालता बरणीखाली ठेवला.

अर्णव, तुझ्या एकवीस इंचांचा निकाल त्याच दिवशी लागला. बाहेरचं माप तेवढंच ठेवून रिंग मोठी केली की टायरचा रबरी भाग पातळ होतो, एवढं चाचांना सांगावं लागलं नाही. ते घाटातल्या जीपांचे टायर आयुष्यभर बघत आले आहेत. ते म्हणाले, "नवरदेव बारीक नि बाशिंग मोठं. पहिला खड्डामाच बाशिंग पडी."

"पण दिसायला चांगलं दिसतं," तू म्हणालास. मी ते सांगितलं.

"दिसस तर. नही कोन म्हनस?" चाचा म्हणाले. "पन रस्ता देखस का? रस्ताले डोया नहीत."

तू फुगलास. मग त्यांनीच तोड काढली. बाशिंग लग्नसराईत, म्हणजे उन्हाळ्यात बांध. हिवाळ्यात एकोणीस. तू अजून उन्हाळ्याची वाट बघतो आहेस, असं बाबा सांगतो.

खरा भूकंप पुढे झाला. बाबाने सहज सांगितलं की हिवाळी टायरांचा एक प्रकार असा असतो, की त्यात कारखान्यातच लोखंडी खिळे बसवलेले असतात.

मी भाषांतर केलं नाही. बाबा मराठीतच बोलला होता. चाचा टायरांच्या चळतीवर खाली बसले.

"नवा टायरमा?"

"हो चाचा."

"कारखानामाच?"

"हो."

"नि लोके इकत लेतस?"

त्यांनी बरणीकडे पाहिलं. "मन्ही बठ्ठी जिंदगी खिळा काढामा गयी, नि तठे खिळा लावाना कारखाना शे!" त्या दिवशी त्यांनी पुढे काम केलं नाही. एक ट्रकवाला पंक्चर घेऊन आला, त्याला म्हणाले, "ऱ्हाऊ दे. कॅनडामा लोके पैसा दिसनी खिळा लावतस."

पण दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा ते आनंदात होते. पट्टा दोन बोटांवर आला होता. "बाई, मन्हा आजा नालबंद व्हता," ते म्हणाले. त्यांचे आजोबा नंदुरबारला राहायचे आणि सारंगखेड्याच्या बाजारात घोड्यांना नाल ठोकायचे, वडील बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवायचे, आणि चाचा टायरांत आले. "घोडा सरकाले नको म्हनीसन नाल ठोकतस. हाई बी तेच शे. मी उगाच त्या लोकेसले शिव्या दिन्ह्या." मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडे रस्त्यावरचा बर्फ रोज काढतात का? काढतात, असं बाबा म्हणाला. "मंग खिळा बर्फले नही, रस्ताले खाई. आपल्याले बिगरखिळ्याना पाहिजे." त्यांनी बरणीवर हलकेच थाप मारली. तिचा मान राहिला होता.

राहिलं ते रबर. थंडीत रबराचं काय होतं, हे विसरवाडीत कोणी पाहिलेलं नाही. इथे हिवाळा म्हणजे सकाळी कानटोपी आणि दुपारी पंखा. चाचांनी संकोचाने विचारलं, "बाई, तुम्हना फ्रीजमा जराखी जागा शे का?"

चार प्रकारच्या रबराचे बारीक तुकडे मी चार डब्यांत घातले, डब्यांवर क्रमांक टाकले आणि कोणत्या क्रमांकात काय ते वहीत लिहिलं. माझ्या पद्धतीत दोष एवढाच होता की वही कपाटात होती आणि डबे फ्रीजमध्ये. दिवाळीसाठी तुमच्या आत्याआजी, म्हणजे माझ्या नणंद कुसुमवन्सं, आल्या होत्या. मी बाजारातून परत आले तर त्या ओट्यापाशी गाल धरून उभ्या.

"वहिनी, तुमचा खजूर खराब झालाय."

 नेमके त्याच वेळी चाचा तुकडे न्यायला दारात आले. त्यांना झालेला प्रकार कळला, पण ते हसले नाहीत. त्यांचा चेहरा एकदम कामाचा झाला. "कोनता डबा व्हता, वन्संबाई? मऊ व्हता का कडक?"

"तिसरा. दगड नुसता! दाढ हलली माझी."

"नि दुसरा?"

"दुसरा मऊ लागला, म्हणून तर तिसरा घेतला!"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी वही काढली. तिसरा ट्रकच्या टायरचा, दुसरा ट्यूबचा. "नख चुकस बाई, दात नही चुकस," चाचा म्हणाले आणि वन्सांना वाकून सलाम केला. वन्सं दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, पण हा किस्सा आता त्या स्वतःच सांगतात आणि त्यात दरवेळी दाढ वेगळी असते.

लस्सीवाल्याकडून बर्फाची लादी आणूनही त्यांनी पाहिलं. चप्पल घालून उभे राहिले ते घसरून थेट टायरांच्या चळतीत. अनवाणी उभे राहिले तर टाच धरून राहिली. त्यांनी टाच उलटी करून मला दाखवली. भेगाच भेगा. "टायरले अश्याच बारीक भेगा पाहिजे," ते म्हणाले, "नि रबर वन्संबाईना दोन नंबरना." बाबाने हे ऐकलं आणि आपला तक्ता उघडला. त्यातला नववा आणि अकरावा रकाना हेच सांगत होते.

सगळं ठरलं. एकोणीस इंच, बिनखिळ्यांचे, मऊ रबराचे, बारीक चिरांचे, म्हशीचं वजन पेलणारे. फक्त चाचांचा होकार नव्हता. तुमच्याकडे शनिवारी पहिला बर्फ येणार असं सांगत होते आणि ईरा रोज विचारत होती, "चाचा हो म्हणाले का?" मी चाचांना गळ घातली. एक शब्द म्हणा, पोरीसाठी.

"बाई, सलीमले बी एकच शब्द सांगा व्हता," ते म्हणाले.

शुक्रवारी पहाटे साडेपाचला, नमाज आटोपून, त्यांनी दुकान उघडलं. तुमच्याकडे गुरुवारची संध्याकाळ होती आणि तुम्ही तिघं टायरच्या दुकानात होता. तिथले दाढीवाले मालक फोनच्या पडद्यावर आले. दोन दाढ्यांनी एकमेकींना मान दिला. "हात भलता साफ शेत," चाचा माझ्या कानात कुजबुजले. "टायरवालाना हात इतका साफ?" मी ते भाषांतरित केलं नाही.

मालकांनी दोन टायर पुढे ठेवले.

"पोरले सांगा, नख दाब," चाचा म्हणाले. मी ते ईराला मराठीत आणि मालकांना इंग्रजीत सांगितलं. पहिल्यावर काही उमटलं नाही. दुसऱ्यावर ईराने दाबलं आणि भाषांतराची वाट न बघता ओरडली, "मऊ! मऊ!"

"भेगा?"

"खूप!"

"आते ठोक."

तिने वाकवलेल्या बोटांनी टायरवर ठोकलं. चाचांनी फोन कानाला लावला. डोळे मिटले. "अजून येक डाव." मग त्यांनी बरणी बाजूला सारली, खालचा कागद काढला, पिंपावर पसरला आणि त्या छोट्या पंजावर आपला तळवा ठेवला. "सांगा तिले, टायरवर बठ्ठा हात ठेव. नि काढू नको."

ईरा, तू हात ठेवलास. फोनमध्ये तुझा हात दिसत होता आणि माझ्यासमोर चाचांचा. रस्त्यावरून सुरतेकडे जाणारी एक बस गेली. त्यांनी दाढीला हात लावला नाही.

"चाचा हो म्हणाले का?" तू विचारलंस.

चाचांनी मान हलवली. नाही.  एवढं सगळं करून हा माणूस नियमाला चिकटतो!

"मी कसा सांगू?" ते म्हणाले. "हात तिन्हा शे. हात जेना, होकार तेना. तिले इचारा."

मी विचारलं. फोनमधून दुकानातल्या कुठल्याशा यंत्राची घरघर ऐकू येत होती. तू हात काढला नाहीस. तू आणखी एकदा नख रुतवून पाहिलंस. आणि मग मालकांकडे नाही, बाबाकडेही नाही, टायरकडे बघत म्हणालीस, "हो."

"मंग व्हयनं," चाचा म्हणाले. "लावा."

शनिवारी बर्फ पडला. ईरा गाडीत बसली, पुढे कचरापेट्या होत्या, पलीकडे एका शिंगाचं हरीण होतं, आणि दोन्ही जागच्या जागी राहिली. त्याचा फोटो मी चाचांना दाखवला. त्यांनी तो मोठा करून फक्त टायर पाहिले आणि मग विचारलं, "घरना बठ्ठा बरा शेत ना?"

मागच्या आठवड्यात मी नंदुरबारहून एसटीने परत येत होते. फाट्यावर उतरले तर चाचांच्या दुकानात एक भलामोठा ट्रक उभा होता. भिंतीवर तुझा पंजा आता पांढऱ्या रंगात उतरवलेला आहे, मापाला माप जुळवून. त्याच्या खाली एक धिप्पाड सरदारजी ट्रकच्या चाकापुढे उकिडवे बसले होते, टायरवर तळवा टेकवून, डोळे गच्च मिटून. चाचा पाठीशी उभे होते, पाइप खांद्यावर आणि दाढी पांढरीशुभ्र. पट्टा जवळजवळ गेलाय. हल्ली विचार गिऱ्हाईकच करतं.

"हो गया, चाचा?" सरदारजींनी एक डोळा किलकिला केला.

"मेरेको क्या पूछता," चाचा म्हणाले. "हात मत निकाल."

तुमची,
आजी